तज्ज्ञांचा फोन वाजेना

शेतकरी सल्ला केंद्राच्या समन्वयकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "शेतकऱ्यानं नुसता फोन लावायचा, पलीकडे तज्ज्ञ हजर. आठवड्याभरात आम्हाला पाणी प्यायला फुरसत मिळणार नाही." निधी देणाऱ्या संस्थेला ते पटलं. मातीचे, किडीचे आणि पाण्याचे असे तीन तज्ज्ञ नेमले, खुर्च्या आल्या, गावोगाव पत्रकं वाटली.

आणि फोन काही वाजेना.

बारा दिवस तिघेही तज्ज्ञ, मांजर बिळाकडे बघतं तसे फोनकडे बघत बसले. मातीचे तज्ज्ञ मधूनच रिसीव्हर कानाला लावून "चालू आहे" असं जाहीर करायचे. समन्वयक वैतागून घरी जायचे, तर दारातच बायको.

"अहो, तुमच्या लोकांचे सारखे फोन येतायत."

तुमचे लोक म्हणजे चुलतभाऊ, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. "मी नाही म्हणून सांग आणि तूच निस्तर. माझं डोकं ठिकाणावर नाही." असं तीनदा झालं.

तेराव्या दिवशी संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. पुढच्या वर्षी निधी द्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. त्यांनी पत्रक उचललं आणि मोबाइलवरून त्यावरचा नंबर लावला. टेबलावरचा फोन ढिम्म. पण पलीकडे कुणीतरी उचलला. बाईंनी स्पीकर चालू केला.

"बोला, पीक कुठलं?"

आवाज बायकोचा होता. समन्वयकांनी झटकन पत्रक हातात घेतलं. छापखान्याच्या अर्जावर 'संपर्क' या रकान्यात त्यांनी सवयीनं घरचा नंबर टाकला होता, आणि पत्रकावर ठळक अक्षरांत तोच छापला गेला होता. छापण्याआधी मजकूर तपासून सही कुणी केली? त्यांनीच.

परीक्षा पाहायची म्हणून बाई म्हणाल्या, "टोमॅटोची पानं पिवळी पडतायत."

"शेंड्याची की खालची?"

"खालची."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते. पण सोमवारी एका ताईंची हीच तक्रार होती, आता त्यांचं पीक सुधारलंय. त्यांना विचारूनच नंबर देतेय, लिहून घ्या. आणि चार दिवसांनी मला कळवा. वहीत लिहायचं असतं."

बाईंनी त्या ताईंना फोन लावला. शेतात साचलेलं पाणी कसं काढलं ते ताईंनी असं बैजवार सांगितलं, की पाण्याचे तज्ज्ञसुद्धा टिपून घेऊ लागले.

मग सगळी वरात समन्वयकांच्या घरी. वहीत एकशे चाळीस शेतकरी, कुणाला कुणाशी जोडून दिलं त्याच्या नोंदी, आणि शेवटी कुणालाच न सुटलेले अकरा प्रश्न. ती पानं पाहताच तिघे तज्ज्ञ वहीवर तुटून पडले.

"अगं, मला सांगायचं तरी," समन्वयक पुटपुटले.

"तीनदा सांगितलं. निस्तर म्हणालात, निस्तरलं."

निधी मंजूर झाला. पत्रात बायको केंद्रप्रमुख, तज्ज्ञ तिच्या हाताखाली. समन्वयकांनी पत्र दोनदा वाचलं, तेव्हा कुठे तळाशी त्यांना आपलं पद सापडलं: केंद्रप्रमुख दुपारी दोन ते चार विश्रांती घेतात, त्या वेळेत फोन उचलायला एक मदतनीस.

"आणि उचलल्यावर," बायको वही पुढे सरकवत म्हणाली, "स्वतःचं डोकं चालवू नका."