खंडेनवमीची गिटार

पाटावर मांडलेली गिटार पडली तेव्हा आरती अर्ध्यावर होती, आणि आरती अर्ध्यावर सोडू नये म्हणून गोपीनाथरावांनी पुढची दोन कडवी मोडक्या गिटारीकडे बघतच पूर्ण केली.

गोपीनाथराव लखनऊतल्या एका संशोधन संस्थेत लाकडाच्या पेशींचे शास्त्रज्ञ. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजली जायची. करवत, सूक्ष्मदर्शक, पत्नी उल्काताईंची शिवणाची कात्री, यंदा तर मिक्सरसुद्धा. मुलीची, मैत्रेयीची, इलेक्ट्रिक गिटार तेवढी दरवर्षी राहून जाई आणि त्यांना रुखरुख लागे. यंदा मैत्रेयी सुट्टीत दहा दिवस मैत्रिणींबरोबर नैनितालला गेली होती. परत आल्यावर आठवड्याभरात तिच्या बँडचा कॉलेजातला पहिला कार्यक्रम. जाताना तिने बजावलं होतं, "मेरी गिटार को कोई हाथ नहीं लगाएगा, बाबा."

पूजा करणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असा गोपीनाथरावांनी शास्त्रार्थ काढला. गिटार पाटावर भिंतीला टेकवून उभी केली, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा भलाथोरला हार तिच्या गळ्यात घातला. एवढ्या सत्काराची तिला सवय नव्हती. ती पुढे कलली, तोंडावर आपटली आणि मानेचा वरचा तुकडा खुंट्यांसकट तारांना लोंबकळत राहिला.

उल्काताईंचं म्हणणं, मुलीला फोन करून सरळ सांगून टाका.

"रागावेल, चार दिवस बोलणार नाही. मग बोलेल की."

गोपीनाथरावांना नेमकी तीच धास्ती होती. हल्ली मैत्रेयी त्यांच्याशी बोलायची ते एवढंच: हाँ, नहीं, देखते हैं. त्यातलेही चार दिवस गेले तर बापाच्या वाट्याला उरायचं काय?

शिवाय ते मूळचे मिरजेचे. मिरजेत सतारी बनतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुरुस्त करणं प्रत्येक मिरजकराच्या रक्तातच असतं, ही समजूत मात्र फक्त मिरजकरांची. त्यांनी फेव्हिकॉल लावला, पायजम्याची नाडी करकचून बांधली आणि लाकूड कसं सांधतं यावर उल्काताईंना एक छोटंसं व्याख्यान दिलं. सकाळी नाडी सोडली. मान अगदी पक्की चिकटली होती, फक्त ती शेजाऱ्यांच्या गॅलरीकडे वळली होती.

मग संस्थेतल्या अनुपने चौक या लखनऊच्या जुन्या बाजारातल्या एका कारागिराचा पत्ता दिला. चादरीत गुंडाळलेली गिटार छातीशी धरून गोपीनाथराव चिकनकारीच्या कुर्त्यांच्या दुकानांमधून वाट काढत रफाकतमियाँच्या दुकानात पोचले. तीन पिढ्या सारंग्या दुरुस्त करणारं घराणं. आता कानपूरपासून गोरखपूरपर्यंतच्या गिटारी त्यांच्याकडे येत. त्यांनी वाकडा सांधा पाहिला, बोटाने चाचपला, आणि हे कोणी केलं असं विचारलंसुद्धा नाही.

सांधा आधी ऊब देऊन सोडवावा लागेल, मग पुन्हा बसवू, असं ते म्हणाले. पण तारा किती उंच ठेवायच्या हे वाजवणाऱ्याचा हात पाहिल्याशिवाय ते ठरवत नसत.

"साज़ किसका है?"

"मेरा," गोपीनाथरावांच्या तोंडून निघून गेलं. मुलीचं नाव घेतलं असतं तर मुलीला आणा म्हणाले असते.

रफाकतमियाँनी त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं लोण्यासारखी मऊ.

"कितने बरस से बजा रहे हैं?"

"बीस."

"इधर रियाज़ छूट गया होगा," रफाकतमियाँ हळुवारपणे म्हणाले. लखनऊत माणसाला थापाड्या म्हणायची हीच पद्धत आहे.

सांधा वाळेपर्यंत त्यांनी गोपीनाथरावांच्या मांडीवर दुसरी एक गिटार ठेवली. रोज संध्याकाळी येऊन तासभर वाजवा, हात कसा पडतो ते मला कळू द्या. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हणायच्या आधीच चहा येई. पहिल्या दिवशी तारांतून जो आवाज निघाला तो ऐकून समोरच्या कुर्तेवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथरावांच्या ध्यानात आलं, की गिटार आपल्या हाताला बेतली गेली तर मैत्रेयीच्या हाताला एका फटक्यात चोरी कळेल. वाजवायचं तर मैत्रेयीसारखं वाजवायला हवं. पण मैत्रेयी वाजवते कशी? इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन "आवाज कमी कर" एवढंच म्हटलं होतं. उल्काताईंच्या फोनमध्ये तिचे चाळीसेक व्हिडिओ होते. ते त्यांनी एकामागून एक पाहिले, आधी बोटांसाठी, तिची आखूड करंगळी तारेपर्यंत जेमतेम पोचते हे टिपत, आणि मग नुसतेच. पोरगी फार सुरेख वाजवत होती. हे आपल्याला आज कळावं याची त्यांना मनापासून लाज वाटली.

पाचव्या दिवशी ते रफाकतमियाँना म्हणाले, "तारें थोड़ी नीचे रखिए. करंगळी... छोटी उँगली नहीं पहुँचती."

रफाकतमियाँनी त्यांच्या लांबलचक करंगळीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

"समझ गया, साहब."

सातव्या दिवशी गिटार हातात आली ती कालच कारखान्यातून निघाल्यासारखी. ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये, असं गोपीनाथरावांनी हात जोडून विनवलं. रफाकतमियाँनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मैत्रेयी आली, बॅग टाकली आणि आधी गिटार घेतली. दोन मिनिटं वाजवून ती थांबली.

"इसे किसी ने छुआ है."

गोपीनाथरावांनी चहाचा कप पुढे केला, आणि तिथेच चुकले. कप धरलेल्या बोटांवर तारांचे वळ होते, एका टोकाला टपोरा फोड. मैत्रेयी त्या बोटांकडे बघतच राहिली.

"आप सीख रहे थे? चुपके से?"

त्यांनी बोटं घाईघाईने कपामागे लपवली. मैत्रेयीने मात्र त्यांना सोफ्यावर बसवलं आणि सुरुवात कशी करायची ते दाखवलं. संध्याकाळभर ती बोलत होती. दोन वर्षांत बोलली नसेल एवढं. दुसऱ्या दिवशीही तेच. गोपीनाथरावांना घास गोड लागेना. हे सगळं प्रेम आपण थापा मारून लाटतो आहोत, असं त्यांना वाटू लागलं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी सगळं सांगून टाकलं. पूजा, हार, नाडी, चौक, सगळं.

मैत्रेयीने गिटार खिडकीशी नेऊन उलटीपालटी केली.

"कहाँ टूटी थी?"

"ही इथे," म्हणत गोपीनाथराव वाकले. इथे काही नव्हतं. मग त्यांनी भिंग आणलं. तीस वर्षं लाकडाच्या रेषा वाचलेला माणूस अर्धा तास त्या मानेवर फिरला आणि त्याला एक चीर सापडली नाही. कारागिराच्या कौतुकाने शास्त्रज्ञाचा ऊर भरून आला, बापाच्या कपाळाला घाम फुटला.

त्यांनी रफाकतमियाँना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि विनवलं, की माझ्या मुलीला गर्दनीबद्दल खरं काय ते सांगा.

"गर्दन?" पलीकडून अदबशीर आवाज आला. "कैसी गर्दन, साहब? आप तो हमारे यहाँ रियाज़ के लिए आते थे." दिलेला शब्द पाळणारा माणूस होता तो.

शेवटचा साक्षीदार म्हणून गोपीनाथरावांनी उल्काताईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी सोफ्यावर मांडी ठोकून बसलेल्या लेकीकडे पाहिलं.

"मला बाई काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पूजेच्या वेळी मी आत पुऱ्या तळत होते."

मैत्रेयीने गिटार वडिलांच्या मांडीवर ठेवली.

"बहाणे नकोत, बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली. "चला, पहिल्यापासून."

गोपीनाथरावांनी निमूटपणे करंगळी तारेवर टेकवली.