कुलपातली कुंभारीण

सोसायटीच्या सचिवांनी शहराचा ‘जीवस्नेही इमारत’ पुरस्कार भोक पडलेल्या बनियनवर स्वीकारला. असं काही झालेलंच नाही. कुणाकडे फोटो असेल, तर त्यांनी तो काढून टाकावा. झालं ते एवढंच, की त्या दिवशी सचिवांना पॅन्ट घालायची होती.

सकाळपासून ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर खाली राबत होते. फुलपाखरांसाठी कुंड्या, पाखरांसाठी पाण्याची भांडी, आणि फाटकावर त्यांनीच केलेला नियम: ‘रहिवासी असो वा दुकानदार, कुणीही कुठल्याही जिवाचं घर मोडणार नाही.’ परीक्षक यायची वेळ झाली तसे ते कपडे बदलायला वर गेले. पाहतात तो काय, दाराच्या कुलपाचं भोक ओल्या मातीनं लिंपलेलं आणि त्यावर कुंभारीण बसलेली. बारीक कमरेची ही माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधते. बायको बहिणीकडे गेलेली. किल्ली मुठीत, पण घालायची कुठे?

त्यांनी तळमजल्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावलं.

“खरवड पटकन.”

“मी? साहेब, तुम्हीच शपथ वदवून घेतलीत. दुकानात पाटी लावलीय, ‘जीवमित्र दुकान’.”

“अरे, पण हे माझं घर आहे!”

“तिचंही तेच म्हणणं असणार.”

समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “माझ्या बेलच्या बटणावर हिनं घर केलं, तेव्हा काय म्हणाला होतात? ‘काकू, पाहुण्यांनी टाळ्या वाजवाव्यात.’ अजून वाजवतात हो. परवा दूधवाल्यानं वाजवल्या, तर वरच्यांना वाटलं माझा सत्कार चाललाय.”

“काकू, निदान काकांचा एखादा शर्ट...”

“देते की.”

शर्ट आला. तो सचिवांच्या एका दंडातच संपला.

त्यांनी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, “दाराला जाळी लावू या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, जिवांना मज्जाव नको. आता बसा बाहेर.”

नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून सचिवांनी कुलूपवाल्याचा स्क्रूड्रायव्हर हिसकावला आणि मातीला टेकवला. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, “थांबा! हलू नका!”

परीक्षक बाई वर पोचल्या होत्या. त्यांनी कुलूप पाहिलं, बनियन पाहिलं आणि हात जोडले. “एका माशीसाठी नेसत्या कपड्यांनिशी घर सोडलंत? आणि हा स्क्रूड्रायव्हर?”

“आधार देतोय,” सचिव म्हणाले. “माती ओली आहे ना.”

पुरस्कार तिथल्या तिथे जाहीर झाला. अट एकच, पिल्लं उडून जाईपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही. जिनाभर टाळ्या वाजल्या. काकू सवयीनं “आले, आले” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दारावर एक अर्ज चिकटवलेला होता:

‘प्रति, कुंभारीण, मुक्काम आमचं कुलूप. महोदया, आपल्या बांधकामास सचिवांची हरकत नाही. तथापि कामानिमित्त आपलं आतल्या बाजूस जाणं झाल्यास, पलंगावरील इस्त्रीची करडी पॅन्ट खिडकीतून खाली टाकण्याची तजवीज व्हावी, ही नम्र विनंती.’