कपाट जाईना, गोळ्या संपेनात

"येत्या लिलावात एकतर ते कपाट जाईल, नाहीतर तू जाशील!" मालक गरजले.

यावर भोंग्याला चांगलं खणखणीत उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा बाहेर आली. जुन्या सामानाच्या लिलावघरात बोली पुकारणारा हा गडी. आवाज असा, की रस्त्यापलीकडची माणसंही दचकून भाव वाढवायची, म्हणून तर नाव भोंगा पडलं. आणि आता नेमका त्याचाच घसा बसला होता.

कपाट म्हणजे एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं औषधांचं धूड. त्याला नुसते छोटे छोटे खण, आणि गिऱ्हाईक कुणी ढुंकून बघत नव्हतं. मालक येता-जाता त्याला ठेचकाळायचे आणि शिव्या मात्र भोंग्याला घालायचे.

घरी बायकोने बिस्किटांचा डबा काढला. गल्लीत तिला कंपाउंडरवहिनी म्हणत, ते या डब्यामुळेच. घरात कुणीही बरं झालं, की उरलेल्या गोळ्या डब्यात जमा!

"ही सासूबाईंच्या दाताच्या वेळची. या दोन धाकट्याच्या खोकल्याच्या. घ्या, घसा कसा सुतासारखा सरळ येतो बघा!"

घसा सरळ आला आणि दोनच दिवसांत पुन्हा वाकडा झाला. ताप चढला, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. शेवटी स्वारी डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली.

बाईंनी घशात बॅटरी मारली, नमुना घेऊन तपासला. "जंतूंचा संसर्ग आहे. आधी काही घेतलंत?"

बायकोने मोठ्या अभिमानाने डबा टेबलावर ठेवला. बाईंनी आत डोकावलं आणि चष्माच काढून ठेवला.

"अहो, ही पेनिसिलिनची आणि या मॅक्रोलाइडच्या. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही, त्यांना सहसा या देतो आम्ही. तुम्ही दोन्हींची सरमिसळ केलीत, आणि तीही अर्धवट! काही जंतू मेले, उरलेले पुन्हा डोकं वर काढून बसले. आणि साध्या सर्दीला यातलं काहीच लागू पडत नाही." मग भोंग्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पेनिसिलिनने कधी पुरळ आलं, धाप लागली?"

भोंग्याने मान हलवून नाही म्हटलं.

"मग तेच देते. वेळच्या वेळी, पोट रिकामं असताना. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. आणि हा डबा राहू दे इथेच."

डबा गेला, तशी वहिनींची अब्रूच गेली. जिना उतरताना त्या म्हणाल्या, "यातली एक गोळी उरली तर नावाची नाही मी!"

गोळ्यांनी काम केलं. लिलावाच्या सकाळी भोंग्याने आरशासमोर "एक... दोन..." पुकारलं आणि खिडकीतली कबुतरं उडाली. गडी खूश झाला. झालो की बरा, म्हणाला. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारपणाला होतील! त्याने पाकीट गुपचूप घड्याळामागे सारलं आणि कामावर गेला.

लिलावघराचा नियम साधा. हात वर म्हणजे बोली, आणि पुकारणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे. दुपारी कपाटाची पाळी आली. भोंग्याने त्याची तोंड फाटेस्तोवर तारीफ केली, तरी सभागृह ढिम्म. दाराशी मालक हाताची घडी घालून उभे होते. तेवढ्यात मागून एक हात वर झाला.

भोंग्याने मान उंचावून बघितलं. बायको! घड्याळामागची गोळी चिमटीत धरून उभी!

"मागून बोली!" सवयीने तोंडातून निघून गेलं.

पुढे बसलेला फर्निचरवाला चपापला. "पुकारणाऱ्याची बायको घेतेय? म्हणजे कपाटात नक्की काहीतरी आहे!" त्याने हात वर केला.

भोंग्याने बायकोला डोळे वटारले. हात खाली घे, असं त्याला म्हणायचं होतं. तिला वाटलं, नवरा गोळी नको म्हणतोय. तिने हात आणखी उंच केला.

"पुन्हा मागून!"

फर्निचरवाला इरेला पेटला. भाव चढू लागला. घुटमळणारी माणसं कपाटाभोवती जमली, खण उघडून बघू लागली. मालकांच्या हातांची घडी सुटली. भोंगा गप्प राहिला असता तर नोकरी पक्की होती. पण असली फसवाफसवी त्याने जन्मात केली नव्हती. त्याने हातोडी आपटली.

"थांबा! ती बोली नाही, ती माझी दुपारची गोळी आहे! बोली पहिल्यापासून!"

सभागृह खो खो हसलं. मालक लालबुंद झाले. आता संपलं सगळं, असं भोंग्याला वाटलं.

"अहो, पण हे खण माझ्या बटणांना अगदी मापाचे आहेत!" कपाटापाशी उभी असलेली शिंपीणबाई ओरडली. "मला हवंय हे!"

"मी आधी बघितलं!" फर्निचरवाला उठला.

"माझ्या सुट्या भागांचं काय?" घड्याळवाला मध्ये घुसला.

मग काय विचारता! हातांमागून हात वर झाले. भोंग्याचा आवाज छपराला भिडला. मघाचा खोटा भाव केव्हाच मागे पडला, आणि आवाज शेवटपर्यंत एकदाही चिरकला नाही. "एक... दोन... तीन!" हातोडी पडली. शिंपीणबाईंनी कपाटाला मिठी मारली, मालकांनी भोंग्याला.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन थेट मंचावर चढल्या. "आ करा!"

भोंग्याने भर सभेत आ केला. गोळी गेली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढच्या आठवड्यात मालक स्वतः दारात हजर. कपाटाची हकीगत सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता.

"वहिनी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "याचा आवाज ज्या गोळ्यांनी परत आला, त्यातल्या दोनचार शिल्लक असतील तर..."

वहिनींनी रिकामं पाकीट त्यांच्यासमोर नाचवलं.

"थोडं गप्प बसा, आपोआप बरं वाटेल. नाहीच वाटलं तर डॉक्टरीणबाईंकडे जा. आमच्या घरात आता काही म्हणजे काही शिल्लक राहत नाही!"