बोललास तं बस

भिवाकाकांना कुणी "हो, बरोबर" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"यंदा भात बरा हाय," असं तेच म्हणायचे. समोरच्यानं "हो, बरा आहे" म्हटलं की लगेच, "कशावरनं बरा? तू गेलावतास बघायला? खालच्या खाचरात बघ, नुस्तं गवत हाय!" मग समोरचा दचकून "हो, तेही खरंच" म्हणायचा, की काका पुन्हा उलटे फिरायचे. पीक चांगलं का वाईट हे शेवटपर्यंत ठरायचं नाही, पण बोलणं मात्र झकास व्हायचं.

किन्हवलीला बाजारपेठेच्या तोंडाशी आमचं बांगड्यांचं दुकान होतं. आम्ही मणियार. अब्बा कल्याणहून माल आणायचे, आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायचं काम अम्मा आणि मी करायचो. अम्माची नजर अधू झाली तसं ते सगळं माझ्याकडेच आलं. भिवाकाका जातीनं कुणबी, गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांची भातशेती. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. म्हणजे बांगड्यांच्या दुकानात या माणसाचं काडीचंही काम नव्हतं. तरी रोज दिवस कलला की काठी टेकत यायचे, आमच्या ओट्यावर बसायचे आणि अब्बांशी वाद घालायचे. ताजी मासळी चांगली की सुकी, बैल तांबडा घ्यावा की काळा, शहापूरचं पाणी गोड की मुरबाडचं. अब्बाही काही कमी नव्हते. मी हातात कुणाचा तरी हात धरून हसू दाबत बसायची.

काकांचा एकच नियम होता, आणि तो ते सगळ्या गावाला लावायचे. "बोललास तं बस." म्हणजे काय, तर तुला जे बोलायचं ते बोल, शिव्या दे, नावं ठेव, कुणी अडवणार नाही. पण बोलून पळायचं नाही. दुसऱ्याचं ऐकेपर्यंत बसायचं.

एकदा पाणवठ्यावर एका सासूसुनेचं जुंपलं. काका मधे पडले. आधी सासूला बोलू दिलं, सुनेला बसवलं. मग सुनेला बोलू दिलं, सासूला बसवलं. शेवटी दोघी उठल्या आणि "तुमाला काय पडलंय आमच्या घरात?" म्हणून दोघी मिळून काकांवर तुटून पडल्या. काका भिजलेलं धोतर पिळत आमच्याकडे आले आणि म्हणाले, "एक झाल्या दोघी. काम झालं."

गावात कीर्तन असलं की पंच आधीच बुवांना एका बाजूला घेऊन सांगायचे, "पुढं बसलेल्या त्या काठीवाल्याकडं बघू नका. बघितलंत तं तो सवाल इचारणार."

जर्मनीशी चाललेल्या लढाईच्या दिवसांत एक फौजदार घोड्यावरून आले. पोरांनी पलटणीत भरती व्हावं म्हणून त्यांनी भाषण ठोकलं आणि घोड्यावर मांड टाकली. काकांनी लगाम धरला. "साहेब, बोललात तं बसा." फौजदारांनी काकांनाच चावडीत बसवून ठेवलं. पण पहाऱ्यावरच्या शिपायाशी काकांनी असा काही वाद मांडला, की दुपारनंतर तो शिपाईच हात जोडून म्हणाला, "साहेब, याला सोडा, नाहीतर मला सोडा."

गाव हसायचं. आम्हीही हसायचो. त्या नियमाची आम्हाला कधी गरज पडेल, असं वाटलं नव्हतं.

लढाई संपली आणि पुढची वर्षं आली. मुंबईहून, पंजाबकडून दंगलींच्या कायकाय बातम्या यायच्या. अब्बा कल्याणहून आले की काकांशी वाद टाळायचे. अशातच एका बाजाराच्या दिवशी प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून एक तरुण गृहस्थ उतरला. स्वच्छ धोतर, कोट, चष्मा, आवाज तर मधासारखा. चावडीजवळच्या चिंचेखाली उभा राहून तो बोलायला लागला. देश, धर्म असं बोलता बोलता त्यानं आमच्या दुकानाकडे बोट केलं.

"यांच्या हातात तुम्ही तुमच्या आयाबहिणींचे हात देता? लाज वाटत नाही? यांच्याकडून सुईसुद्धा घेऊ नका. या लोकांना गावातून जाऊ द्या."

तेव्हा सापगावची एक बाई माझ्यासमोर बसलेली होती. तिचा हात माझ्या हातात होता. तिनं तो काढून घेतला नाही, पण तो ताठ झाला. मला ते कळलं.

समोर काही माना डोलत होत्या. ओळखीच्याच माना. आणि काही तरणी पोरं त्या गृहस्थाला मारायला दगड उचलत होती. अब्बांनी आत येऊन फळ्या लावायला घेतल्या.

तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. भिवाकाका पोरांच्या आडवे झाले होते.

"हात खाली! दगड मारलास तं उद्या ह्यो दुसऱ्या गावात सांगंल, किन्हवलीवाल्यांकडं जबाब नव्हता, म्हनून दगड मारला. होऊ दे त्याचं पुरं."

त्या गृहस्थाला वाटलं, म्हातारा आपल्या बाजूचा आहे. त्यानं आणखी जोरात बोलून घेतलं. सगळं संपवलं, घाम पुसला आणि मोटारीकडे निघाला.

"अरं, कुठं?" काका म्हणाले. "बोललास तं बस."

"माझी मोटार सुटेल."

"सुटू दे. तू यवढा यळ बोललास, आमी ऐकलं. आता तू ऐक." पोरांनी भाताचं एक पोतं ओढून दिलं. तो बसला. बसला नसता तर काय झालं असतं, हे त्यालाही दिसत होतंच.

काका त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि अब्बांचं नाव घेऊन म्हणाले, "तू इस्मालला वळखतोस?"

"प्रश्न एका व्यक्तीचा नाही. प्रश्न समाजाचा आहे."

"म्हंजे वळखत नाय." काका गर्दीकडे वळले. "इस्मालबद्दल कुनाला काय गाऱ्हानं हाय? बोला. आज बोलायचाच दिस हाय."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मला त्यानं फुटकी बांगडी दिलती."

"फुटकी तू केलीस गो, उखळावर आपटून!" तिची जाऊ म्हणाली. लोक हसले. मग एक बाई हळूच म्हणाली, "गाऱ्हानं नाय. पन कायकाय ऐकू येतं. रातचं भ्या वाटतं." तिला कुणीतरी गप्प करायला लागलं, तर काका त्याच्यावरच खेकसले. "बोलू दे तिला! भ्या वाटतं तं वाटतं म्हनंल नायतर काय? आमालाबी वाटतं." मग आमच्या दाराकडे बघून म्हणाले, "जैने, बाहेर ये. तुझ्याबद्दल बोलनं चाललंय, आन् तू आत?"

मी बाहेर आले. अब्बा मागून "नको" म्हणत होते. आयुष्यात मी कधी चारचौघांत बोललेली नव्हते. त्या गृहस्थाकडे न बघताच मी म्हटलं, "बांगडी भरताना हात दुखतो. दुखू नये म्हणून मी बायकांशी बोलत राहते. घरचं विचारते. त्या सांगतात. मला एवढंच येतं. आम्ही इथून कुठं जायचं, ते मला माहीत नाही."

मग सापगावची ती बाई आमच्या ओट्यावरूनच मोठ्यानं म्हणाली, "जैनू, एका हातात भरल्यास, दुसरा तसाच ऱ्हायला. ये लवकर, मला घर गाठायचंय."

तो गृहस्थ उठला. "मी ऐकलं. पण माझं मत बदललेलं नाही."

"नको बदलू," काका म्हणाले. "पन आता तू आमाला वळखतोस. आन् एक ध्यानात ठेव. तोंडानं काय बोलायचं ते बोल. कुनी ह्या दुकानाला हात लावला, तं मंग बोलनं संपलं, माझी काठी चालू."

सगळं एका दिवसात ठीक झालं असं मी म्हणणार नाही. काही घरच्या बायका पुढचे कितीतरी बाजार आमच्याकडे फिरकल्या नाहीत. एक तर कधीच आली नाही. पण आम्हाला गाव सोडावं लागलं नाही. दर बाजारी काका सकाळपासूनच ओट्यावर काठी आडवी टाकून बसायला लागले, आणि हळूहळू त्यांच्या शेजारी आणखी कोणकोण बसायला लागलं. आज माझी नातवंडं याच पेठेत वाढताहेत. त्या लोकांचे उपकार मी कसे मोजू?

पण भाषणाच्या दुसऱ्या दिवशी काका आले, तेव्हा अब्बा त्यांच्याशी बोलेनात. कारण सकाळी गावभर झालं होतं, की मोटार चुकल्यावर त्या गृहस्थाला कुणी दारात उभं केलं नाही, आणि भिवाकाकांनी त्याला घरी नेऊन जेवू घातलं.

"मला गावातून घालवायला निघालेला माणूस," अब्बा शेवटी म्हणाले, "आणि तुम्ही त्याला ताट वाढलंत?"

काका वाद घालतील असं मला वाटलं. ते काठीची मूठ चोळत राहिले.

"उपाशी व्हता रे. पोरगंच हाय ते." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आन् खरं सांगू, इस्माल? आमची कारभारीण गेल्यापास्नं घरात दोन पानं मांडली नव्हती. काल मांडली. त्यो जेवत व्हता, आन् मी नुस्ता बघत बसलो. तो काय बोललावता, ते इसरून गेलो बघ मी."

इतकी वर्षं रोजची बैठक, पण अब्बा त्यांच्या घरी कधी जेवले नव्हते. तेव्हा रीतच नव्हती तशी. कुणी बोलावत नसे, कुणी जात नसे.

अब्बांनी उठून फळ्या लावल्या, उन्हं अजून ओट्यावर असताना. कोपऱ्यातली सुकटीची पुडी उचलली. "चला."

"कुठं?"

"तुमच्या घरी. जैनू, तूही चल. मला भूक लागलीय."

काकांनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर तीन पानं मांडली. चुलीत फुंकर घालताना त्यांना ठसका लागत होता. भात वाढताना शितं पानाबाहेर सांडली. स्वतः जेवायचं सोडून ते अब्बांच्या पानाकडेच बघत बसले.

अम्मानं थोड्या वेळापूर्वीच अब्बांना भाकरी वाढली होती, पोटभर. मी स्वतः बघितलं होतं.

अब्बांनी पान साफ केलं, आणि पुन्हा भात मागितला.