कालव्यातला बँड

वारूळवाडीत ठिबकच्या नळ्या विकणारा बाळू गिऱ्हाइकाला आधी आपल्या बँडचा इतिहास सांगतो आणि मग नळीचा भाव. घाईतलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. बाळूला त्याचं काही वाटत नाही. "ऐकायला पण लायकी लागती, काकू," तो मला सांगतो.

इरा, नील, माझ्या नातवंडांनो, तुम्ही चाकाच्या फळीवर उड्या मारतानाचा व्हिडिओ मी कौतुकाने त्याला दाखवला. त्याने नाक मुरडलं. "गुडघं लई ताठ हायेत पोरांचं." पन्नाशी उलटलेला, टोपी घालणारा, मधुमेही माणूस असं बोलतो म्हटल्यावर तुम्हाला त्याची ओळख करून देणं भागच आहे.

बाळूच्या म्हणण्याप्रमाणे तो भारतातल्या पहिल्या स्केट पंक बँडचा गायक. इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण हा शब्द मला त्याच्याकडूनच कळला. अमेरिकेतली पोरं पोहण्याचे कोरडे हौद शोधत, त्यांत फळीवरून घसरत आणि तितक्याच वेगाने गाणी वाजवत. ते हे संगीत. बाळू कॉलेजात असताना कुणा पाहुण्याने त्याला एक फळी आणि एक कॅसेट आणून दिली. वारूळवाडीत पोहण्याचा हौद कुठला? पण कालवा होता. धरणातून शेतीसाठी पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात. दोन आवर्तनांच्या मधे कालवा कोरडा पडतो आणि त्याच्या सिमेंटच्या उतरत्या भिंती, बाळूच्या मते, "अमेरिकेच्या थोबाडीत मारतील अशा."

बँडमध्ये तिघं. गायला बाळू. ड्रमवर दिलीप; तो ड्रम आळे गावच्या लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणी, त्यामुळे यांचे कार्यक्रम लग्नतिथी टाळून ठरत. गिटारवर दिलीपचा धाकटा भाऊ संतोष. गाणी दीड मिनिटाची, विषय घरगुती: वीज गेली, एसटी आली नाही, टोमॅटोचा भाव पडला. एकदा गावच्या यात्रेत, तमाशाच्या आधी त्यांना स्टेज मिळालं. तिसऱ्या गाण्याला लोकांनी टोमॅटो फेकले.

"भाव पडला व्हता म्हणून," बाळू सांगतो. "न्हाईतर आपल्याकडं टमाटं कोण फेकून देतंय?"

इतिहास नेहमी इथेच संपे. पुढे काय झालं असं विचारलं की म्हणे, "वैचारिक मतभेद," आणि नळी मोजायला घेई.

गेल्या उन्हाळ्यात तो पांढराफटक चेहरा घेऊन माझ्या दारात आला. दिलीपची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. गाव सोडून तो केव्हाच लोणीला, बायकोच्या माहेरी जाऊन राहिला होता, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"तुमी चला, काकू. म्हातारं माणूस संगं असलं की दारातून कोण हाकलत न्हाई."

'म्हातारं' गिळून मी गेले.

दिलीप अंगणात खाटेवर पडला होता. पाय सुजलेले. बाळूला पाहून त्याने बायकोला हाक मारली, "सुनंदा, पावणं आल्यात. चहा टाक."

ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला, त्याला पावणं! बाळूचं तोंड एवढंसं झालं. त्याने आपला इतिहासच सुरू केला. फळी, कालवा, यात्रा, टोमॅटो. सुनंदा कपबशा घेऊन उभीच राहिली. तो मतभेदांपाशी आला तेव्हा दिलीप म्हणाला, "फुडं सांग."

बाळूने टोपी काढली. पुढचं मी पहिल्यांदाच ऐकलं. आवर्तन सुटल्याचं तिघांना माहीत होतं. पण वरची गावं आधी पाणी ओढून घेतात, आपल्यापर्यंत यायला संध्याकाळ होते, हा हिशेब इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्या दिवशी वर पाऊस झाला होता, म्हणून वाटेत कुणी पाणी घेतलंच नाही. लोंढा दुपारीच आला. बाळू आणि दिलीप काठावर बसले होते. संतोष तळाशी होता.

"मीच म्हणलो त्याला," बाळू म्हणाला, "आजून एक फेरी व्हतीया."

दिलीप कोपर टेकून खाटेवर उठून बसला.

"ते तू न्हाई म्हणला," दिलीप म्हणाला. "मी म्हणलो."

"येडा का तू? मी म्हणलो. माझ्या ध्यानात हाय."

"तुझ्या काय ध्यानात ऱ्हातंय? सोताची गाणी ध्यानात ऱ्हायची न्हाईत तुझ्या."

"दिल्या, मी म्हणलो!"

"मी!"

एखादं गाणं कुणी रचलं यावरून भांडावं तसे ते भांडत राहिले. चहा गार झाला. मी मधे पडले नाही.

मग दर गुरुवारी दुकान बंद ठेवून बाळू लोणीला जाऊ लागला. भांडायलाच. परत आला की माझ्या फाटकाशी थांबून सांगे, "आज बी न्हाई ऐकलं बेण्यानं."

दिलीप पोळ्याच्या आधी गेला. आपल्याकडे दहाव्याला नदीकाठी मंडप घालतात, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. ज्याला त्याला दिलीप मनमिळाऊ वाटत होता. मग बाळू उठला. आता फळीपासून सुरुवात होणार, या भीतीने मी मान खाली घातली.

त्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

"ह्यो माणूस मरेस्तोवर माझ्यासाठी खोटं बोलला," तो म्हणाला आणि खाली बसला.

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. बायकांमधून सुनंदा उठली. सगळ्यांच्या देखत ती पुरुषांच्या बाजूला गेली आणि बाळूच्या शेजारी, सतरंजीवर बसली.