सेन्सेईंच्या फोटोला हार

दत्तप्रसाद नेवाळकरांनी हार आणला तो निव्वळ भक्तीने आणला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर लोक काहीबाही बोलतात.

दुबईच्या करामा भागातल्या त्या कराटे क्लासला त्यांची मिहिका सात वर्षं जात होती. क्लास म्हणायचं नाही, दोजो म्हणायचं, असं तिने त्यांना हजारदा बजावलं होतं. आत शिरताना वाकायचं, बाहेर पडताना वाकायचं, चपला एका ओळीत लावायच्या, आणि फरशी नोकराने नाही, सगळ्यात मोठा पट्टा ज्याचा त्याने आधी पुसायची. दत्तप्रसादांना याचं भारी अप्रूप. ऑफिसात मॅनेजर स्वतःचा चहाचा कप उचलत नाही, आणि इथे शाजी सेन्सेई, म्हणजे मिहिकाचे मल्याळी गुरू, गुडघे टेकून फडकं मारतात! "याला म्हणतात संस्कार," असं ते घरी येऊन मृणालिनीबाईंना ऐकवत. मृणालिनीबाई म्हणत, "मग आपली मोरी घासा ना."

दोजोच्या समोरच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या जपानी माणसाचा कृष्णधवल फोटो होता. पोरं त्याला नमस्कार केल्याशिवाय हातपाय हलवत नसत. आता कृष्णधवल फोटो, भिंतीवर, वर रोजचा नमस्कार! मराठी माणसाने यातून जो अर्थ काढायचा तोच दत्तप्रसादांनी काढला.

त्या शुक्रवारी मिहिकाची ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. ती घ्यायला खुद्द जपानच्या ओकिनावाहून कोचिंदा सेन्सेई येणार होते, शाजींचेही गुरू, वय एक्याऐंशी. शाजी त्यांना आणायला एअरपोर्टवर गेलेले, मुलं मागच्या खोलीत तयारी करत होती, आणि हॉल पालकांच्या ताब्यात होता.

"अगं, मुख्य फोटोच बोडका!" दत्तप्रसाद हळहळले. "पाहुणे काय म्हणतील?"

"मग उभे काय राहिलात? जा, हार आणा."

ते टॅक्सी करून बर दुबईला, देवळामागच्या गल्लीत जाऊन झेंडूचा हातभर हार घेऊन आले. "पंचवीस दिरहॅम. म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये! पण म्हटलं, गेलेल्या माणसासाठी घासाघीस नको." मृणालिनीबाईंनी काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं, केळ्यात उदबत्ती खोचली. दोघांनी डोळे मिटून हात जोडले. खरंच प्रसन्न वाटलं.

मग पाहुणे आले. काटकुळा, ताठ म्हातारा. दारात पालकांच्या चपलांचा ढीग पडला होता. कोणाला कळायच्या आत तो खाली बसला आणि एकेक जोड सरळ लावू लागला. दत्तप्रसादांची तुटक्या अंगठ्याची चप्पलसुद्धा त्याने दोन्ही हातांनी उचलून ठेवली. दत्तप्रसादांच्या अंगावर काटा आला. मग म्हातारा उठला, कमरेत वाकला, मान वर केली, आणि समोर पाहत राहिला.

दत्तप्रसादांनीही पाहिलं. एकदा फोटोकडे, एकदा दाराकडे. तेच कान. तीच हनुवटी.

"नेवाळकर साब," शाजी त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजले, "ये क्या किया! ये तो वही हैं!"

"आई गं!" दत्तप्रसाद हार काढायला धावणार, तोच मुलं येऊन रांगेत बसली. रांग बसली की तिच्यापुढे कोणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम. ते होते तिथेच गुडघे मुडपून बसले. उदबत्ती मजेत जळत होती.

"व्हेरी ब्यूटिफुल," कोचिंदा सेन्सेई म्हणाले. "व्हाय फ्लॉवर?"

"रिस्पेक्ट, सेन्सेई," शाजींनी घाम पुसत सांगितलं.

सेन्सेईंनी मान डोलावली आणि रांगेतल्या पहिल्या मुलीकडे वळले. ती मिहिका. "यू टेल. व्हाय फ्लॉवर?"

सात वर्षांची मेहनत, आणि पहिला प्रश्न हा! दत्तप्रसादांनी डोळ्यांनी खुणा केल्या, ओठांनी 'रिस्पेक्ट, रिस्पेक्ट' म्हणून दाखवलं. मिहिकाने बाबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. दोजोत खोटं बोलायचं नाही, हे ती रोज मोठ्याने म्हणत आली होती.

"सेन्सेई, वी डू धिस व्हेन समवन इज डेड. माय फादर थॉट यू वेअर डेड. सॉरी."



माफी मागायला दत्तप्रसाद उठू गेले, पण दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. ते धाडकन पालथे पडले. थेट साष्टांग नमस्कार! आणि केलेला नमस्कार परत केल्याशिवाय राहायचं नाही, हीही तिथली रीत. एक्याऐंशी वर्षांचा तो माणूस त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ फरशीला टेकवलं. दत्तप्रसादांनी डोकं वर केलं, तर म्हातारा अजून वाकलेलाच. ते घाईने पुन्हा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"बाबा, स्टे डाउन!" मिहिका दातांतून म्हणाली.

अखेर सेन्सेई उठले. त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की काय, म्हणून मृणालिनीबाई घाबरल्या. पण ते हसत होते, पोट धरून हसत होते. मग क्षणात गंभीर होऊन त्यांनी मिहिकाची पूर्ण दीड तास परीक्षा घेतली आणि निकाल सांगितला.

"ट्रुथ, व्हेरी गुड. किक, नो गुड. फेल." आणि बोटं दाखवली, सहा. "सिक्स मंथ. आय कम अगेन. फॉर यू."

दत्तप्रसादांचे डोळे भरून आले. पोरगी नापास झाली याचं वाईट वाटायला हवं होतं, पण ते त्या माणसाकडे नुसते बघत राहिले. एका पोरीच्या एका लाथेसाठी हा माणूस या वयात पुन्हा समुद्र ओलांडणार!

त्या संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लागला. दत्तप्रसाद हात जोडून मोठ्याने म्हणाले, "देवा, कोचिंदा सेन्सेईंना आणखी सहा महिने ठणठणीत ठेव रे बाबा."

मागून मिहिकाचा काळजीचा आवाज आला, "बाबा, आस्क फॉर टू इयर्स. माय किक इज रिअली बॅड."