टाचेवरचा आकडा

आई रात्रपाळी करून झोपली की त्या घराचं हॉस्पिटल व्हायचं. बोलायचं ते कुजबुजत, आणि शिंक आलीच तर ती उशीत द्यायची. अशा घरात एका रविवारी भरदुपारी ड्रॅगन शिरला.

तो आणला घुबडने. घुबड म्हणजे त्या घरातली नववीतली मुलगी. जाड चष्म्यामुळे शाळेने तिचं बारसं पुन्हा केलं होतं. तिने एक गोष्टीचा खेळ मांडला होता. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र, आणि पुढे काय होणार ते फाशांनी ठरवायचं. सामान तसं थोडकंच: नियमांचं पुस्तक, पात्रांचे कागद, पेन्सिली, खोडरबर आणि मामाने दिलेले धातूचे फासे, त्यांवर उठावाचे इंग्रजी आकडे. सूत्रधाराची गुपितं झाकायला दोन फायली उभ्या केल्या होत्या. त्यांच्यामागे घुबड एकच पान तिसऱ्यांदा वाचत होती, कारण सूत्रधार तीच होती आणि खेळ पहिलाच होता.

त्यात तिची जिवलग मैत्रीण भिंगरी आल्या आल्या बजावून बसली होती, "माझी तिरंदाज मेली तर मी परत येणार नाही. आठवडाभर बनवलीये तिला. तिला एक मावशीसुद्धा दिलीये."

तिसरा खेळाडू वकील. तो त्यांच्याच वर्गातला. फळ्यावरच्या तारखेशीही वाद घालायचा, म्हणून वकील.

तासाभरात तिरंदाज कड्याला एका हाताने लटकली आणि खाली ड्रॅगन तोंड उघडून बसला.

"वीस बाजूंचा फासा टाक," घुबड म्हणाली. "दहा किंवा जास्त पडले तर वर."

"आणि कमी पडले तर?"

"खाली."

भिंगरीने डोळे मिटून, सगळा जीव एकवटून फासा फेकला. तो टेबलावरून उडाला, फरशीवर खणखणला आणि गडगडत आईच्या खोलीच्या दाराखालून आत गेला.

तिघांचेही श्वास थांबले. आतून घोरणं आलं, तेव्हा ते सुरू झाले.

"मी परत टाकते," भिंगरी कुजबुजली.

"अजिबात नाही," वकील म्हणाला. "सुरुवातीलाच आपण ठरवलंय. फासा थांबेल तिथला आकडा खरा, आणि वाचल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अरे, आत आई आहे," घुबड म्हणाली.

"आईसाठी अपवाद ठेवलेला नाही आपण."

"मग मी एकटी बघून येते."

"म्हणजे मैत्रिणीसाठी वीस वाचून येशील. साक्षीदार लागणार."

"मग मीपण," भिंगरी म्हणाली. "माझं माणूस आहे ते."

अशी ती वरात रांगत आत शिरली. पडदे ओढलेले, काळोख. फासा पलंगाला लागूनच चमकत होता. घुबड मान पुढे काढून वाचणार, एवढ्यात वकिलाचा गुडघा वाजला. कट्. पलंग करकरला. तिघं पालीसारखी फरशीला चिकटली. आईचा पाय खाली आला तो नेमका फाशावर.

"आई गं," आई झोपेतच म्हणाली. तिच्या पायाने फासा भिरकावला तो थेट कपाटाखाली. मग ती पुन्हा आडवी झाली. पाय मात्र पलंगाबाहेरच राहिला.

"गेला आकडा," घुबड पुटपुटली. तिला खरं तर हायसं वाटलं होतं.

"गेला नाही," वकिलाने बोट दाखवलं. "उमटलाय."

मोबाइलच्या उजेडात टाचेवर लाल त्रिकोण दिसला. त्याच्या मधोमध एकच उभी रेघ.

"उलटा उमटला असेल," भिंगरीने शेवटची आशा लढवली.

"एक उलटा केला तरी एकच."

भिंगरीच्या डोळ्यातून एक थेंब निसटला आणि टप्पकन टाचेवर पडला.

"माझ्या पायाशी कोण रडतंय?" आईने विचारलं. आवाज अगदी हळू होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

घुबडने सगळं सांगितलं. कडा, ड्रॅगन, टाच. मावशीचंही आलं त्यात. आईने उठून टाच चोळली.

"रात्रभर वॉर्डात एकालाही जाऊ दिलं नाही मी," ती म्हणाली. "आणि घरी येऊन माझ्या पायाखाली माणूस मारता? वर घ्या तिला."

वकील पलंगापासून हातभर मागे सरकला. घुबडच्या जिवात जीव आला. भिंगरीने मात्र नाक पुसलं.

"नको काकू. एक म्हणजे एक."

"बरं. मग आवाज न करता मारा," आई म्हणाली आणि पुन्हा आडवी होऊन तिने कूस बदलली.

बाहेर येऊन भिंगरीने तिरंदाजचा कागद दुमडून ठेवला. ती आता दप्तर उचलणार, या भीतीने घुबड फायलींमागे अर्धी झाली. भिंगरीने कोरा कागद ओढला.

"नवीन पात्र," ती लिहू लागली. "नर्स. रात्रपाळीहून आलेली. झोपमोड झालेली."

"शस्त्र?" घुबडने विचारलं.

"काही नको. ती हळू आवाजात बोलते."

वकिलाने पुस्तक चाळलं. "नियमात बसतं."

नर्स गुहेत शिरली. ड्रॅगनची हिंमत टिकते का, ते पाहायला घुबडने दुसरा फासा घडी केलेल्या टॉवेलवर टाकला. दोन पडले.

"ड्रॅगनने तोंड मिटलं," ती कुजबुजली, "गुहेच्या कोपऱ्यात सरकला आणि म्हणाला, ‘सॉरी, काकू.’"